ओळख आणि वशिला यात फरक काय? नवपदवीधराने ऑनलाइन ओळखी कशा कराव्यात?

रानजाई
नमस्कार मंडळी. तीन वर्षं इथे नुसतं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी तासगाव तालुक्यातली. यंदा मेकॅनिकलची पदवी मिळाली. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मीच पहिली. वडील एसटीत वाहक आहेत, आई हंगामात बेदाणा निवडायला शेडवर जाते. कॉलेजात तीन कंपन्या आल्या होत्या, त्यातल्या दोन सॉफ्टवेअरच्या. तिसरीने दोन मुलं घेतली. मला मशीन डिझाइनमध्येच काम करायचं आहे.

सर सांगतात, "नेटवर्क वाढवा, लिंक्डइनवर या." आले. दोन महिन्यांत २०० च्या वर लोकांना रिक्वेस्ट पाठवल्या, साधारण ७० जणांनी स्वीकारल्या. प्रत्येकाला मी 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम अ फ्रेशर, काइंडली रेफर मी' असं लिहून बायोडेटा जोडते. उत्तरं आली चार. त्यातल्या दोघांनी 'वेबसाइटवर अर्ज करा' म्हणून सांगितलं.

पण खरं अडतंय ते वेगळ्याच ठिकाणी. पाठवायचं बटण दाबताना माझा हात थांबतो. बाबांनी त्यांची नोकरी परीक्षा देऊन मिळवली, कुणाच्या दारात गेले नाहीत, आणि हे त्यांनी आम्हाला हजार वेळा सांगितलंय. मग अनोळखी माणसाला 'माझं नाव पुढे करा' म्हणणं म्हणजे वशिलाच नाही का? फरक असेल तर तो कुठे आहे? आणि ज्याच्या घरातलं कुणीच त्या जगात नाही त्याने ओळख काढायची कुठून?

अवकाळी
जागा धरून ठेवतो. माझाही हाच प्रश्न आहे, फक्त सिव्हिल.

देवराई
रानजाई, मी १४ वर्षं भरतीचं काम करते, सध्या पुण्यात. आधी फरकाबद्दल सांगते, कारण तुझा हात तिथे थांबतोय.

वशिला लावतात तो परीक्षा टळावी म्हणून. ओळख लागते ती परीक्षेला बसायला मिळावं म्हणून. डिझाइन ट्रेनीची एक जागा निघाली की दोन दिवसांत शेकडो अर्ज येतात. मी सगळे वाचत नाही, वाचूच शकत नाही. वरून बघत जाते, दहा-बारा बरे सापडले की बोलावते. तळाशी एखादी फार चांगली मुलगी असेल तर ती मला कधीच दिसत नाही. आमच्याच एखाद्या डिझायनरने 'हा बायोडेटा बघ' म्हणून पाठवला तर तो दिसतो. एवढंच. त्यानंतर ड्रॉइंगची टेस्ट तीच, मुलाखत तीच. निम्म्याहून जास्त रेफर झालेली मुलं आमच्याकडे टेस्टमध्येच गळतात.

आता तुझा मेसेज का चालत नाही ते. रेफर करताना त्या माणसाचं नाव तुझ्या नावाशेजारी लागतं. तू जॉइन होऊन काही महिने टिकलीस तर बऱ्याच कंपन्या त्याला बक्षीसही देतात, म्हणजे रेफर करायला तो तयार असतो. पण त्याला तुझं काम माहीत नाही. बायोडेट्यात सगळ्यांच्या तेच असतं. तू ७० जणांना तोच मजकूर पाठवलास हे वाचणाऱ्याला पहिल्या ओळीत कळतं.

लिंक्डइनवर नावाखाली जी ओळ असते तिथे काय लिहिलंयस? 'सीकिंग ऑपॉर्च्युनिटीज'?

रानजाई
ताई, हो. अगदी तेच लिहिलंय.

जुनापाणी
मी भोसरीत ३४ वर्षं शॉपफ्लोअरवर काढली, शेवटी उत्पादन व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालो. मला हे सगळं पटत नाही. नोकरी मोबाइलवर लागत नाही बाळा. आमच्या काळी ड्रॉइंग हातात देऊन विचारायचे, "वाच." वाचता आलं की काम. आजही लहान कारखान्यात तेच चालतं.

त्यापेक्षा शिकाऊ उमेदवारी कर. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा, त्यात १९७३ मध्ये इंजिनिअरिंगचे पदवीधर आणि डिप्लोमावाले आले. नॅट्स म्हणजे केंद्र सरकारची शिकाऊ उमेदवारी योजना, तिच्या पोर्टलवर नाव नोंदव, आपल्या पश्चिम विभागाचं कार्यालय मुंबईत आहे. एक वर्ष मिळतं, विद्यावेतन मिळतं, सरकारी प्रमाणपत्र मिळतं. आणि ज्या ओळखी तू मोबाइलवर शोधतेस त्या तिथे मशीनशेजारी उभ्या असतात. माझ्या हाताखाली जेवढी मुलं शिकली त्यांना पुढे कुठे जागा आहे हे मी स्वतः फोन करून सांगितलंय.

कोकणकडा
काकांचा शिकाऊ उमेदवारीचा मुद्दा बरोबर. 'नोकरी मोबाइलवर लागत नाही' हे मात्र नाही पटलं.

मी मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला, सध्या स्टुटगार्टजवळ असतो. मला इथवर आणणारी ओळख एका फोरमवरची. फ्रीकॅड नावाचं मोफत थ्रीडी सॉफ्टवेअर आहे. २००२ पासून त्याचं काम चाललंय, १.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. मी शिकत होतो तेव्हा सॉलिडवर्क्सचं लायसन्स परवडायचा प्रश्नच नव्हता, म्हणून फ्रीकॅड घेतलं. अडलं की त्यांच्या फोरमवर विचारायचो. सहा महिन्यांनी लक्षात आलं की नव्याने येणाऱ्यांच्या प्रश्नांची उत्तरं मला येतात. मग रोज रात्री दोन उत्तरं लिहायला लागलो. फाइल उघडायची, कुठे बिघडलंय ते शोधायचं, दुरुस्त करून परत द्यायची.

मी एकदाही नोकरी मागितली नाही. दीड वर्षाने एका जर्मन गृहस्थाने विचारलं, "तू काय करतोस?" ते पॅकिंग मशीन बनवणाऱ्या छोट्या कंपनीत होते. त्यांनी माझी दीडशे-दोनशे उत्तरं वाचली होती. मुलाखतीत मला कुणी 'स्वतःबद्दल सांगा' म्हटलंच नाही.

रानजाई, तुझा फायनल इयरचा प्रोजेक्ट काय होता?

मृण्मयी_स
समाजशास्त्र शिकवते, म्हणून थोडं त्या बाजूने.

लिंक्डइन २००३ मध्ये आलं, पण हा प्रश्न त्याच्या ३० वर्षं आधी मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने हाताळला होता. बोस्टनजवळच्या एका उपनगरात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना त्याने विचारलं, ही नोकरी कुणाकडून कळली? ओळखीतून कळलेल्यांना पुढे विचारलं, त्या माणसाची नि तुमची भेट किती वेळा व्हायची? वारंवार भेटणाऱ्याकडून कळलेले १६.७ टक्के निघाले. अधूनमधून भेटणाऱ्याकडून ५५.६ टक्के, क्वचित भेटणाऱ्याकडून २७.८ टक्के. नमुना लहान होता, पण कारण पटण्यासारखं आहे. आपल्या जवळच्या माणसांना जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं. नवी बातमी लांबच्या माणसाकडून येते. 'मित्राने सांगितलं का?' असं विचारलं की लोक त्याला दुरुस्त करायचे, "मित्र नाही, नुसता ओळखीचा." हा लेख १९७३ चा.

२०२२ मध्ये लिंक्डइनच्याच दोन कोटी वापरकर्त्यांवर पाच वर्षं चाललेल्या प्रयोगांचा निष्कर्ष 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला. त्यातही लांबच्या ओळखी जास्त कामाला आल्या, पण अगदी परक्या नव्हे, मधल्या. साधारण दहाएक सामाईक माणसं असलेल्या. आणि जुनापाणी काका, यातला पुढचा भाग तुमच्या बाजूचा आहे: संगणकावर ज्यांचं काम चालतं अशा उद्योगांत लांबच्या ओळखींचा उपयोग जास्त, आणि ज्या उद्योगांत संगणक कमी तिथे जवळच्या ओळखींचा. म्हणजे शॉपफ्लोअरबद्दल तुम्ही म्हणता ते आकड्यांतही दिसतं.

जुनापाणी
मॅडम, पाच वर्षं अभ्यास करून त्यांना जे कळलं ते आमच्या कँटीनवाल्या अण्णांना पहिल्यापासून माहीत होतं. कुणाला कुठे माणूस हवाय हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसायचं. 🙂

मृण्मयी_स
काका, अण्णा म्हणजे सर्व खात्यांना जोडणारा दुवा. ग्रॅनोव्हेटरला ते भेटायला हवे होते!

टाकळीकर
शेतीच्या पदवीधरांसाठी लिंक्डइन फारसं कामाचं नाही, निदान माझा अनुभव तसा आहे. मी राहुरीहून बीएस्सी ॲग्री केलं. आमच्याकडे सगळं व्हॉट्सॲपवर चालतं. द्राक्षाचे गट, डाळिंबाचे गट, शेतकरी उत्पादक कंपन्यांचे गट. मी एका द्राक्ष गटात रोज सकाळी हवामान बघून डाऊनी-भुरी या बुरशीच्या रोगांचा धोका आज किती, एवढ्या चार ओळी टाकायचो. शेतकऱ्यांचे फोन यायला लागले, मग एका निविष्ठा (खतं-औषधं) कंपनीच्या विभागीय अधिकाऱ्याचा आला. आपलं माणूस जिथे बसतं तिथे आपण बसायचं. लिंक्डइनच पाहिजे असं काही नाही.

खडीसाखर
मुलांनो, एक सावधगिरीची गोष्ट सांगते. माझ्या भावाला गेल्या वर्षी अशाच एका 'नेटवर्क'मधून माणूस भेटला. प्रोफाइल मोठ्या कंपनीचं, फोटो सुटाबुटातला. मुलाखत मेसेजवरच झाली, ऑफर लेटर आलं, मग 'लॅपटॉपची अनामत' म्हणून १२,५०० रुपये मागितले. आईने पोस्टातले काढून दिले. पैसे गेले, आणि भाऊ दोन महिने खोलीबाहेर येईना.

नोकरी देणारा पैसे मागत नाही. नोंदणी, अनामत, ट्रेनिंग, पोलीस व्हेरिफिकेशन, नाव काहीही द्या, पैसे मागितले की तिथेच थांबा. फसलात तर त्याच क्षणी १९३० वर फोन करा, सायबर गुन्ह्यांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. जितक्या लवकर कराल तितकी पैसे मधेच अडवण्याची शक्यता जास्त. आम्ही लाजेपायी चार दिवस घालवले, ते घालवायला नको होते.

अवकाळी
ताई, भाऊ आता बरा आहे ना?

खडीसाखर
हो. चाकणला शिकाऊ उमेदवार म्हणून लागलाय. जुनापाणी काकांनी सांगितलेल्याच पोर्टलवरून.

निर्झरा
आता मुलींसाठी. मी पाच वर्षांपूर्वी याच रस्त्याने गेले. उत्तर देणाऱ्यांत काही जण कामाचं सोडून 'कॉफीला भेटू', 'व्हॉट्सॲप नंबर दे' यावर येतात. तेव्हा आपल्यालाच वाटतं की माणूस मोठा आहे, नाराज झाला तर संधी जाईल. जाऊ दे. ज्या संधीची ही किंमत आहे ती संधी नव्हेच.

मी पाळलेले नियम असे. पहिले तीन-चार निरोप त्याच जागी, नंबर द्यायचा नाही. बायोडेट्यावर घरचा पूर्ण पत्ता, जन्मतारीख, वडिलांचं नाव यातलं काही नको, गाव पुरे. आणि शक्य तिथे आधी बायकांना लिहायचं. मेकॅनिकलमध्ये बायका कमी आहेत हे खरं, पण त्यामुळेच त्या उत्तर देतात. प्रत्येकीला आपले पहिले दिवस आठवत असतात. मला माझ्या पहिल्या कंपनीत ज्या ताईंनी नेलं त्यांना मी फक्त एवढंच विचारलं होतं की शॉपवर सेफ्टी शूज बायकांच्या मापाचे मिळतात का! त्या इतक्या हसल्या की तासभर बोलत राहिल्या.

रानजाई
सगळ्यांची उत्तरं दोनदा वाचली. निर्झराताई, बायोडेट्यावरून पत्ता नि जन्मतारीख काढली.

कोकणकडा दादा, प्रोजेक्ट बेदाण्याची प्रतवारी करणारी चाळणी. आमच्याकडे मशीन आहेत, पण मोठी, कोल्ड स्टोअरेजवाल्यांची. छोट्या शेडवाल्याला परवडेल असं एक चाळण्यांचं मशीन आम्ही चौघांनी केलं. एक्सेंट्रिक शाफ्टने (मध्य सोडून फिरणाऱ्या दांड्याने) चाळणी हलते, खाली तीन मापांचे ट्रे. अडचण अशी आली की बेदाणा भोकात अडकून बसायचा आणि अर्ध्या तासात चाळणी बंद. आई म्हणाली, दुपारी ऊन चढलं की बेदाणा चिकट होतो, सकाळी घ्या. म्हणून सकाळी आणि दुपारी वेगवेगळ्या चाचण्या घेतल्या, खरोखरच फरक पडला. मग चाळणीखाली जाळीच्या कप्प्यात रबरी गोळ्या ठेवल्या. चाळणी हलली की त्या उसळून खालून आपटतात आणि अडकलेला दाणा सुटतो. त्यानंतर दुपारीही दोन तास सलग चालली.

कोकणकडा
रानजाई!! हे तू दोन महिने कुणालाच सांगितलं नाहीस?

देवराई
मी म्हणते ते हेच. 'सीकिंग ऑपॉर्च्युनिटीज' आजच काढ. त्या जागी लिही: मेकॅनिकल डिझाइन, बेदाणा प्रतवारी यंत्र, सोबत जे सॉफ्टवेअर येतं त्याचं नाव. अन्नप्रक्रियेची यंत्रं बनवणारा माणूस ती ओळ वाचून थांबेल.

आणि त्यावर एक पोस्ट लिही. 'माझी निवड झाली, आभारी आहे' असल्या पोस्ट सगळेच टाकतात. तू अडचण लिही. चाळणी का बंद पडायची, आई काय म्हणाली, गोळ्या कशा सुचल्या. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ जोड. बाकी तिघांची नावं घाल आणि त्यांना विचारून घाल.

टाकळीकर
आमच्या द्राक्ष गटातही टाक. शेडवालेच विचारतील, किंमत किती. बेदाण्याचं पाकीट आमच्यासाठी राखून ठेव!

सह्यपठार
मला वेगळं म्हणायचंय, आणि ते कुणाला आवडणार नाही. ही सगळी शिकवणूक मुलांवर आणखी एक ओझं टाकते. चार वर्षं फी भरली, परीक्षा दिल्या, आता शिवाय पोस्ट लिही, व्हिडिओ कर, अनोळखी लोकांना इंग्रजीत पत्रं लिही. ज्याच्या घरी इंग्रजी आहे, लॅपटॉप आहे, ज्याचा काका कंपनीत आहे, तो इथेही पुढेच असतो. रानजाईचा प्रश्न नीट वाचा. ती विचारतेय की परीक्षा देऊन सरळ नोकरी का मिळू नये. तो प्रश्न खरा आहे. मी गडचिरोलीत शिकवतो, माझ्या विद्यार्थ्यांना रेंजसाठी टेकडीवर जावं लागतं. त्यांना मी नेटवर्किंग शिकवू?

सरकारी योजनांची माहिती तरी द्या. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली, तिच्यात पदवीधराला महिना १०,००० रुपये ठरले. पंतप्रधान इंटर्नशिप योजनाही त्याच वर्षीची. तिथे अर्ज करायला कुणाची ओळख लागत नाही.

मृण्मयी_स
सह्यपठार, तुमचं बरोबर आहे. ओळखींची वाटणी आपल्या समाजात जातीने, गावाने, शाळेने आधीच झालेली आहे, आणि ऑनलाइन आल्याने ती आपोआप मोडत नाही. ज्याच्या पहिल्या शंभर ओळखी कॉलनीतल्या डॉक्टर-इंजिनिअर काका-मावशांच्या असतात, त्याला 'मधली' ओळख आयतीच मिळते. योजना हव्यातच, उघड भरतीही हवी.

तरीही रानजाईला मी लिही असंच सांगेन. ज्याच्या घरात कुणी नाही त्यालाच परक्याशी बोलायच्या वाटेची जास्त गरज आहे. काका असलेल्याला ती नसली तरी चालतं.

सह्यपठार
हे मान्य. माझा राग रानजाईवर नाही.

शब्दवेल
जरा विषयांतर. मी फोंड्याला असते, भाषांतर करते. 'रिस्पेक्टेड सर/मॅडम' हे काढून टाक. सगळ्यांना पाठवलेला निरोप त्यावरूनच ओळखू येतो. नाव लिही. सरळ 'नमस्कार' आणि आडनावापुढे सर किंवा मॅडम. वाचणारा मराठी असेल आणि त्याच्या पोस्टमध्ये मराठी दिसत असेल तर मराठीत लिहायला काय हरकत आहे? मला आलेल्या शंभर इंग्रजी निरोपांत एक मराठी असेल तर मी तो आधी उघडते.

कोकणकडा
पण आडनावावरून ठरवू नये. माझ्या टीममधली एक कुलकर्णी बेळगावात वाढली, शाळा कन्नड, मराठी फक्त बोलते. 'नमस्कार' मराठीत, बाकी साध्या इंग्रजीत, हे सुरक्षित.

रानजाई
देवराईताई, पोस्ट टाकली. सहा दिवसांत ४१ प्रतिक्रिया आल्या. रबरी गोळ्यांची पद्धत मोठ्या चाळण्यांत वापरतातच असं एकांनी सांगितलं, त्याला नावही आहे. मला वाटलं होतं आम्हीच शोधली. :) पण त्यांनी गोळीचा व्यास आणि कप्प्याची उंची यांचं गणित समजावलं.

आता निरोपाचा कच्चा मसुदा देते, चुका काढा. लिंक्डइनवर आमच्या कॉलेजच्या पानावर माजी विद्यार्थ्यांचा भाग आहे, तिथे गाव आणि कंपनी निवडून शोधता येतं हे मला माहीतच नव्हतं. त्यातून अन्नयंत्रांत काम करणारे ११ जण सापडले. एकांना हा निरोप:

"नमस्कार सर, मी आपल्याच कॉलेजची, यंदाची मेकॅनिकल. आपण माझ्यापेक्षा खूप मोठे आहात आणि आपला वेळ अमूल्य आहे, तरी क्षमस्व. आम्ही बेदाणा प्रतवारीची चाळणी केली. आपण व्हायब्रेटिंग स्क्रीनवर काम करता असं वाचलं. मला आपल्याकडून खूप काही शिकायचं आहे. कृपया मार्गदर्शन करावे. काही जागा असल्यास कळवावे."

देवराई
'क्षमस्व' काढ, तू काही चूक केलेली नाहीस. 'मार्गदर्शन करावे' याला उत्तर काय द्यायचं ते वाचणाऱ्याला कळत नाही. एकच प्रश्न विचार, ज्याचं उत्तर तो चहा पिताना दोन मिनिटांत देईल. शेवटचं वाक्य काढ. ते असलं की वरचं सगळं त्यासाठीच लिहिलंय असं वाटतं.

निर्झरा
'मी सकाळी-दुपारी चाचण्या घेतल्या' हे घाल. तुझं सगळ्यात वेगळं काय असेल तर ते.

जुनापाणी
तुमच्या मशीनचं ड्रॉइंग आहे का? असेल तर 'ड्रॉइंग पाठवू का, चुका दाखवाल का' असं विचार. चूक दाखवायला सांगितलं की कुठलाही जुना माणूस नाही म्हणत नाही. मी तर नक्कीच नाही म्हणणार.

रानजाई
दुरुस्त केलेला:

"नमस्कार सर. आपल्याच कॉलेजची, यंदाची मेकॅनिकल. छोट्या शेडसाठी बेदाणा प्रतवारीची चाळणी केली. दुपारी बेदाणा चिकट झाला की भोकं बुजायची, चाळणीखाली रबरी गोळ्या ठेवल्यावर दोन तास सलग चालली. चाळणीच्या हालचालीचा आवाका वाढवला तर शाफ्टचे बेअरिंग लवकर जातील अशी भीती वाटते. वेग वाढवावा की आवाका, आपण काय बघून ठरवता? ड्रॉइंग पाठवलं तर चुका दाखवाल का?"

कोकणकडा
याला मी उत्तर दिलं असतं. पाठव. आणि उत्तर आलं की त्यावर तू काय केलंस ते कळव. बहुतेक मुलं 'थँक यू सर' म्हणून गायब होतात, तिथे ओळख संपते. सांगितलेलं करून बघितलं आणि परत येऊन सांगितलं की ती सुरू होते.

अवकाळी
सिव्हिलवाल्यांनी काय दाखवायचं? माझा प्रोजेक्ट फ्लाय ॲश विटांचा होता, तो सगळ्यांचाच असतो.

मृण्मयी_स
अवकाळी, तुमच्या गावची एखादी गोष्ट मोजलीय का कधी?

अवकाळी
आमच्या वस्तीतला पूल दर पावसाळ्यात बुडतो. सुट्टीत पाणी कुठवर चढलं ते तारखांसकट खांबावर खुणा करून लिहिलंय. दोन पावसाळे.

सह्यपठार
ते टाका. आणि आधी ग्रामपंचायतीला द्या.

रानजाई
सात आठवड्यांनी येतेय, उशीर झाला, माफी असावी.

११ जणांना लिहिलं, प्रत्येकाला वेगळं. सहा जणांची उत्तरं आली. दोघांनी फक्त 'छान' लिहिलं. एका मॅडमनी फोनवर ४० मिनिटं आवाका, वेग आणि बेअरिंगचं आयुष्य समजावलं, कुठलं कोष्टक बघायचं तेही सांगितलं. आणि आमच्याच कॉलेजातून आठ वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या एका दादांनी ड्रॉइंग मागितलं. परत आलं तेव्हा लाल खुणांनी भरलेलं होतं. शाफ्टवर मी नुसतं २५ लिहिलं होतं, बेअरिंगसाठी फिट, म्हणजे ते किती घट्ट बसायचं, दिलंच नव्हतं. वेल्डिंगच्या खुणा नव्हत्या. एका भागाला माप दोनदा, दुसऱ्याला एकदाही नाही. दुरुस्त करून पाठवलं, परत लाल झालं, पण कमी. तिसऱ्यांदा पाठवल्यावर त्यांनी विचारलं, "हे आमच्या डिझाइन हेडना दाखवू का?" मी नोकरीचं एकदाही बोलले नव्हते.

येत्या १४ तारखेला ड्रॉइंगची टेस्ट आहे. कंपनी सांगलीजवळ कुपवाडला, मसाला आणि धान्याची यंत्रं बनवते. नोकरी लागलेली नाही, टेस्टला बोलावलंय एवढंच.

बाबांना सांगायला घाबरत होते. कुणाच्या ओळखीने बोलावलं हे लपवायचं नव्हतं, म्हणून पहिल्या निरोपापासून सगळं सांगितलं, लाल खुणांची तिन्ही ड्रॉइंगंही दाखवली. त्यांनी विचारलं, "परीक्षा आहे ना?" म्हटलं, आहे. म्हणाले, "मग जा. १४ ला माझी सांगली ड्यूटी आहे, माझ्याच गाडीने चल. तिकीट मात्र काढावं लागेल."

खडीसाखर
डोळ्यांत पाणी आलं गं. भावाला वाचून दाखवते.

देवराई
त्या दादांना आणि मॅडमना टेस्टनंतर निकाल काहीही लागला तरी कळव. आणि वर ज्या दोघांनी 'छान' लिहिलं त्यांनाही.

जुनापाणी
शाब्बास. वर मी मोबाइलवर नोकरी लागत नाही म्हणालो होतो. लाल खुणांचं ड्रॉइंग मोबाइलवरून तीनदा जाऊन येतं हे मला माहीत नव्हतं.

आता १४ पर्यंत काय करायचं ते ऐक. व्हर्नियर आणि मायक्रोमीटर वाचायचा सराव रोज कर, कॉलेजच्या वर्कशॉपमधले फिटर, शिपाई कुणीही असोत, विचारून घे पण हातात धरून कर. एच-७ ही मापातली सूट म्हणजे काय, भोकाला का देतात, शाफ्टला काय देतात, हे तोंडपाठ नको, समजून घे. पेन्सिल, खोडरबर, कंपास स्वतःचा ने. हाताने स्केच काढायला देतील. पहिली दहा मिनिटं काहीही काढू नकोस, नुसता भाग फिरवून बघ. काही अडलं तर इथे लिही, रात्री ११ पर्यंत जागा असतो.